गॅरेजच्या कोब्यावरचा इपॉक्सी दर पावसाळ्यात सुटतो? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

मार्च-एप्रिलमध्ये गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून मारतात ते कडक चकचकीत कोटिंग, मारला, मे संपेपर्यंत एकदम चकाचक, जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैअखेर भिंतीच्या कडेने फुगे, गणपतीला पाहुणे यायच्या वेळी पोपडे हातात येतायत, मग दिवाळीनंतर खरवडायचं आणि परत तोच माल परत त्याच कोब्यावर. कोकणात आणि गोव्यात हे इतक्या घरांत चाललंय की लोकांना वाटायला लागलंय इपॉक्सीचं आयुष्यच एका वर्षाचं. तसं अजिबात नाहीये. नीट बसलेला इपॉक्सी घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं हलत नाही.

माझं सांगणं एवढंच की बहुतेक वेळा माल खराब नसतो, कोब्याखालून ओल येत असते, आणि ती ओल मार्चमध्ये दिसत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, त्यामुळे मे महिन्यात जी जमीन ठणठणीत कोरडी असते तीच ऑगस्टमध्ये फुटभर खाली पाण्याने भरलेली असू शकते. उन्हाळ्यात तपासून "कोरडं आहे, मारा कोटिंग" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्या दिवशी ते खरंच कोरडं असतं. म्हणून तपासणी पावसाळ्यात करा आणि काम उन्हाळ्यात करा. आत्ता पाऊस चालू असेल आणि फुगे आले असतील तर हीच सगळ्यात चांगली वेळ आहे शोध घ्यायची, खरवडायची घाई करू नका.

पोपडा उलटा करून बघा

यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही आणि पैसे शून्य लागतात. सुटलेला एक मोठा पोपडा घ्या आणि त्याची खालची बाजू उजेडात बघा. खालच्या बाजूला करड्या पावडरीचा थर चिकटून आलाय का, तर इपॉक्सीने आपलं काम केलंय पण कोब्याचा वरचा थरच कच्चा होता. आपल्याकडे कोबा ओतला की वर पाणी सुटतं, मग गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटतात, दिसायला गुळगुळीत होतं पण तो वरचा पापुद्रा खालच्या काँक्रीटला धड धरलेला नसतो, त्याच्यावर काहीही लावा तो पापुद्र्यासकट निघणार. खालची बाजू स्वच्छ आणि चमकदार असेल तर तो चिकटलाच नव्हता, म्हणजे मशीनने घासाई झाली नाही किंवा खाली ऑइल, जुना रंग, क्युरिंग कंपाऊंड (ताज्या काँक्रीटचं पाणी उडू नये म्हणून फवारतात ते) काहीतरी होतं. आणि खाली पाणी, ओलसर चिकटपणा किंवा पांढरा लोणा, म्हणजे वर येऊन सुकलेले क्षार, असेल तर ओल खालून येतेय.

न फुटलेला फुगा मिळाला तर तोही टोचून बघा. आत पाणी निघतं, कधी पिवळट-तपकिरी चिकट द्रव निघतो. काँक्रीट कितीही टणक दिसलं तरी आत बारीक बारीक वाटा असतात, ओतताना घातलेलं जास्तीचं पाणी उडून गेलं की त्या राहतात, आणि त्यातून जमिनीतली ओल वर चढत राहते. उघड्या कोब्यावरून ती वाफ होऊन निघून जाते म्हणून आपल्याला कळत पण नाही. वरून इपॉक्सीची बंद फिल्म बसवली की ती खाली अडकते, काँक्रीटमधले क्षार त्यात विरघळतात, आणि ते खारं पाणी इपॉक्सीची कोब्यावरची पकड आतून सोडवत जातं. ज्यांच्याकडे पीएच पट्टी (आकडा जितका मोठा तितका क्षारांचा जोर जास्त) आहे त्यांनी पोपडा निघालेल्या जागी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर दोन थेंब टाकून, मिनिटभर थांबून, पट्टी लावून बघावी. जुन्या कोब्याचा पृष्ठभाग हवेने मवाळ होऊन ९ च्या आसपास आलेला असतो, तिथे १२ दिसत असेल तर खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतायत.

फक्त टायर उभे राहतात तिथेच चार ठिकाणी कोटिंग उचललं गेलंय आणि बाकी सगळं शाबूत आहे, तर ओलीच्या मागे लागू नका. लांबून आलेल्या गाडीचं गरम टायर कोटिंग मऊ करतं, गार होताना ओढून घेतं, आणि पातळ कोट किंवा घासाई न केलेला कोबा असेल तर टायरबरोबर निघून येतं. त्याचा इलाज घासाई आणि जाडी, पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

प्लॅस्टिकची टेस्ट, पण योग्य महिन्यात

दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक, साधारण १०० मायक्रॉनचं, उघड्या कोब्यावर ठेवून चारी बाजूंनी टेपने सील करायचं. अमेरिकन स्टँडर्ड एएसटीएम डी ४२६३ मध्ये हीच टेस्ट आहे, त्यात किमान १६ तास सांगितलेत, मी म्हणतो दोन-तीन दिवस राहू द्या. ओल्या कोब्यावर टेप धरत नाही, तेवढी कडा हेअर ड्रायरने वाळवून घ्या. एकच तुकडा लावू नका, एक मधोमध, एक बाहेरच्या भिंतीलगत, एक जॉइंटपाशी किंवा जिथे पहिला फुगा येतो तिथे लावा. ऊन थेट पडतं तिथे लावलं तर निकाल फसवा येतो.

प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा खालचा कोबा गडद झालेला, म्हणजे जमिनीतून. प्लॅस्टिकच्या वर पाणी आणि खाली कोरडं, म्हणजे हवेतून. तिन्ही तुकडे सारखे ओले असतील तर सगळ्या जमिनीतून ओल येतेय, फक्त भिंतीकडचा ओला आणि मधला कोरडा असेल तर बाहेरचं पाणी भिंतीखालून शिरतंय, आणि हा दुसरा प्रकार खूप जास्त आढळतो आणि खूप स्वस्तात सुटतो, म्हणून तीन तुकडे लावायचा आळस करू नका प्लीज.

उन्हाळ्यात ही टेस्ट ओली आली तर निकाल पक्का. उन्हाळ्यात कोरडी आली तर त्याचा अर्थ फक्त "आज कोरडं" एवढाच. फॅक्टरीच्या फ्लोअरसाठी काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली आर्द्रता मोजतात, तळाला ओल अडवलेली असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीवर सेन्सर ठेवून, ते अचूक आहे पण घरच्या एका गाडीच्या जागेसाठी तेवढं करायची गरज मला वाटत नाही.

फरशी घामेजते ते वेगळं

बऱ्याच जणांचा कोबा खालून कोरडाच असतो आणि तरी सकाळी ओला दिसतो. हवा २९ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २७ च्या आसपास येतो, म्हणजे कोबा २७ च्या खाली असेल तर हवेतलं पाणी त्याच्यावर जमणारच. बंद, सावलीतलं, डोंगराच्या कुशीतलं गॅरेज असेल तर हे जास्त होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो आणि मोबाईलवर आजचा दवबिंदू दिसतो, दोन्ही आकडे जुळवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

या घामावर कुठलंही सीलर चालत नाही. उलट गुळगुळीत कोटिंगवर तो जास्त दिसतो कारण उघडा कोबा थोडं पाणी पिऊन टाकतो आणि इपॉक्सी पीत नाही. पंखा लावा, ओली गाडी आत आणायच्या आधी पाच मिनिटं बाहेर निथळू द्या, गाडीखाली साचलेलं पाणी वायपरने ओढून टाका. बाहेरची हवा ओलीगच्च असताना शटर उघडं ठेवून फरशी वाळेल असं वाटतं पण बाहेरचा दवबिंदू फरशीच्या तापमानाच्या वर असेल तर आणखी पाणी आत येतं, तेव्हा शटर बंद आणि पंखा चालू हेच बरं. आणि कोटिंग करताना हाच आकडा लक्षात ठेवा, कोब्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर तुम्ही न दिसणाऱ्या पाण्याच्या थरावर रोलर फिरवताय.

आधी बाहेर बघा

खरी दुरुस्ती बहुतेक वेळा गॅरेजच्या बाहेर असते आणि तिथेच कोणी जात नाही, कारण कोटिंगवाल्याला बोलावलं की तो आतलंच बघणार.

भर पावसात छत्री घेऊन गॅरेजला एक चक्कर मारा. पागोळ्या कुठे पडतायत? पन्हाळ नसेल तर छपराचं सगळं पाणी भिंतीच्या बुंध्याशीच खड्डा करतं आणि तिथूनच आत शिरतं, असेल तर तिचा पाईप कुठे सोडलाय ते बघा, खूप घरांत तो भिंतीपासून वीतभर अंतरावरच सोडलेला असतो. बाहेरची माती आतल्या कोब्यापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी. वर्षानुवर्षं अंगणात मुरूम टाकून टाकून ती पातळी वर येते, झाडांच्या आळ्यांनी वर येते, नवीन पेव्हर ब्लॉक बसवताना तर हमखास वर येते, आणि मग बाहेरचं अंगण उंच आणि गॅरेज खोलगट अशी अवस्था होते. भिंतीलगत दोन-तीन फूट रुंद प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे घराभोवतीचा पक्का पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन केलं, शटरच्या तोंडाशी आडवी गटार आणि त्यावर गाडीचं वजन झेलणारी जाळी बसवली, पाईप लांब नेला, एवढ्यानेच पुढच्या पावसाळ्यात कडेचे फुगे थांबलेली घरं मी कितीतरी बघितलीत.

उतारावर डोंगर कापून घर बांधलेलं असेल, जे कोकणात सर्रास आहे, तर वरच्या अंगाचं पाणी जांभ्यातून झिरपत येऊन थेट गॅरेजच्या मागच्या भिंतीला भिडतं. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी आरामात वाहतं. इथे आतून काहीही लावलं तरी ते टिकणार नाही. मागच्या बाजूला कोब्याच्या तळापेक्षा खोल चर खणायचा, पाया उघडा पडणार नाही इतकं भिंतीपासून अंतर राखून, त्यात जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं ते) अंथरून छिद्रांचा पाईप टाकायचा, भोवती खडी भरायची, कापड वरून दुमडायचं आणि पाईप उताराने खाली मोकळा सोडायचा. मागे गडगा, म्हणजे माती अडवणारी दगडी भिंत, असेल तर त्याची पाणी सोडायची भोकं मातीने बुजलीत का तेही बघा. हे काम महाग वाटतं, पण दर वर्षीचं खरवडणं आणि परत मारणं धरलं तर महाग नाही.

देशावर काळ्या मातीत प्रॉब्लेम वेगळा असतो. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, कोब्याला भेगा पडतात, ओल भेगांतून येते. भेगा भरून परत तिथेच उघडत असतील तर खालची माती काढून चांगला मुरूम धुमसून भरल्याशिवाय सुटका नाही, कोटिंग बदलून काही होत नाही.

मग आत काय लावायचं

बाहेरचं सगळं केलं, एक पावसाळा गेला, प्लॅस्टिक टेस्ट परत केली आणि अजूनही थोडी ओल दिसतेय, तर जुन्या कोब्यावर फिल्म न बनवणारं सीलर लावा, हे माझं ठाम मत आहे. सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं. ते काँक्रीटच्या आत शिरतं, वाटांच्या भिंतींना पाणी न चिकटणारं करतं, वरून पडलेलं पाणी आत जात नाही आणि खालची वाफ मात्र बाहेर पडू शकते, त्यामुळे फुगायला फिल्मच नाही. दिसायला कोबा होता तसाच राहतो, चकाकी येत नाही, आणि इथेच लोकांचा हिरमोड होतो. ऑइलचे डाग पण ते फारसे अडवत नाही, गाडी गळत असेल तर खाली ट्रे ठेवा. आणि खालून दाबाने पाणी येत असेल, म्हणजे ऑगस्टमध्ये जॉइंटमधून झरा फुटल्यासारखं, तर तेही त्याला थांबवता येत नाही, तिथे चरच हवा.

कोबा भुसभुशीत असेल, झाडला की रोज धूळ निघत असेल, तर आधी लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचं डेन्सिफायर. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी रिअ‍ॅक्शन करून आतली पोकळी थोडी भरतं आणि वरचा थर कडक करतं. दुकानात हेच वॉटरप्रूफिंग म्हणून गळ्यात मारतात, ते वॉटरप्रूफिंग नाही, कडक करणारं आहे, चांगलं आहे पण त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा. सिमेंटमध्ये मिसळायच्या पावडरी आणि लिक्विड पण तसंच, ते काँक्रीट कालवताना टाकायचं असतं, झालेल्या कोब्यावर ओतून काही होत नाही. गच्चीवर मारतात ते दोन भागांचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग उघडं ठेवून त्याच्यावर गाडी फिरवली तर टायरखाली झिजून जातं. ऑइल पेंटबद्दल बोलायलाच नको.

लोणा असेल तर आधी कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम, लगेच पाणी मारू नका, पाण्यात तो विरघळून परत आत जातो आणि परत वर येतो. फारच घट्ट असेल तर पातळ अ‍ॅसिड, पाण्यात अ‍ॅसिड घालायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही नाही, हातमोजे आणि चष्मा घालून, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने अ‍ॅसिडचा जोर मारून भरपूर धुऊन. पण मग ते धुतलेलं पाणी वाळायला परत दिवस द्यावे लागतात, त्यामुळे शक्यतो घासाईवरच भागवा.

सिलेन लावायच्या आधी दोन थेंब पाणी टाकून बघा, मिनिटाभरात शोषलं गेलं तर सीलर पण शोषलं जाईल, थेंब तसाच उभा राहिला तर खाली जुनं कोटिंग किंवा तेल आहे, ते घासून काढल्याशिवाय लावू नका. साध्या फवारणी पंपाने कमी दाबाने, पहिला हात ओला असतानाच दुसरा, डबकं राहिलं तर रोलरने पसरवून टाका. सॉल्व्हंटवालं असेल तर शटर पूर्ण उघडं, स्कूटर आणि गॅस सिलेंडर बाहेर, वेल्डिंग-ग्राइंडिंग बंद, आणि गॅरेजमधून घरात उघडणारा दरवाजा बंद ठेवा, घरात लहान मुलं-म्हातारी माणसं असतील तर त्यांना दिवसभर शेजारी पाठवा. टायरच्या पट्ट्यात ते लवकर कमी होतं, पाणी परत शोषायला लागलं की तेवढ्याच पट्ट्यात परत मारता येतं, बाकी काही खरवडायला लागत नाही, आणि मला हे सगळ्यात आवडतं.

इपॉक्सीच हवा असेल तर

हवा असेल तर घ्या, पण साधा प्रायमर नको, ओल सहन करणारा खास मॉइश्चर बॅरियर इपॉक्सी प्रायमर लागतो आणि त्याच्या डेटाशीटमध्ये किती ओलीपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कोबा डायमंड कप व्हीलने (ग्राइंडरला लावतात ती काँक्रीट घासायची चकती) घासलेला हवा, वरचा घोटलेला पापुद्रा पूर्ण जाऊन बारीक खडबडीत दिसेपर्यंत, आणि धूळ झाडूने नाही, व्हॅक्यूमने. जाडीचं गणित सोपं आहे, सॉल्व्हंट नसलेला १ लिटर माल २५० मायक्रॉन जाडीने मारला तर ४ चौरस मीटरच होतात, कोणी तेवढ्याच लिटरमध्ये १० चौरस मीटर करतो म्हणाला तर जाडी १०० मायक्रॉनच येणार. जॉइंटवरून इपॉक्सी सलग ओढू नका, तिथे तो फाटतो आणि पाणी तिथूनच येतं, जॉइंट साफ करून बॅकर रॉड (फोमची दोरी) आणि त्यावर पीयू, म्हणजे रबरासारखं लवचिक पॉलियुरेथेन, सीलंट भरा.

वेळ म्हणाल तर फेब्रुवारी ते एप्रिल. मेच्या शेवटी घाईने मारू नका, वळवाची एक सर आली की आदल्या दिवशी वाळलेला कोबा परत ओला.

कोबा नव्याने करायची वेळ आली तर

कोबा इतका भेगाळलाय की तोडायचाच आहे किंवा घरच नवीन बांधताय, तर कोब्याखाली पॉलिथिनची शीट टाका, बास, या सगळ्या कटकटीचं मूळच निघून जातं. २५० मायक्रॉनची घ्या, दुकानात १००० गेज म्हणूनही मिळते. उंचीला वाव असेल, शटर आणि उंबरठा दोन्हींना अडचण येत नसेल, तर जुना कोबा न तोडता त्याच्यावर शीट टाकून ७५ ते १०० मिलिमीटर नवीन काँक्रीट ओतता येतं. गाडीसाठी काँक्रीटच्या ताकदीची एम२० ग्रेड, तिच्या खाली जाऊ नका, सळ्यांची जाळी टाका, आणि १०० मिलिमीटर जाडी असेल तर साधारण ३ मीटरवर जाडीच्या पाव खोलीचे कट दुसऱ्या दिवसापर्यंत मारून घ्या. शीट असल्यामुळे ओतलेलं पाणी फक्त वरूनच उडणार, इंचाला एक महिना असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे ४ इंचाचा कोबा नोव्हेंबरमध्ये ओतला तर कोटिंगचा विचार मार्च-एप्रिलमध्ये. २८ दिवस झाले की ताकद आलेली असते, वाळलेला मात्र नसतो.

दगडी सोलिंगवर, म्हणजे कोब्याखाली रचलेल्या दगडांच्या थरावर, थेट शीट अंथरली तर टोकांनी भोकं पडतात, वर वाळूचा किंवा बारीक खडीच्या चुरीचा थर देऊन, दाबून, मग शीट. जोडावर निदान १५० मिलिमीटर एकावर एक चढवून टेप मारा आणि भिंतीकडे कडा कोब्याच्या जाडीएवढी वर वळवा, शीट तिथेच कापली तर भिंतीकडून ओल परत येते. काँक्रीट ओतताना मजूर घमेली घेऊन शीटवरूनच फिरतात आणि जाळीच्या तारा खाली टोचतात, त्यामुळे त्या दिवशी घरातलं कोणीतरी तिथे थांबा, फळ्या टाकून त्यावरूनच चालायला सांगा, आणि जिथे शीट फाटली तिथे काँक्रीट पडायच्या आधी तुकडा लावून टेप मारून घ्या.